सत्तरीच्या माथ्यावर, जिथून पाणी निघतं: पहिल्यांदा डोंगर चढणाऱ्यांसाठी

गोव्यात डोंगरावर जायचं म्हटलं की लोकांच्या तोंडी पहिलं नाव येतं दूधसागरचं. दूधसागर देखणा आहेच, पण कुळ्याहून जीप तुम्हाला नेते आणि जीपच परत आणते. त्यात चढणं फारसं होत नाही. हा लेख सत्तरी तालुक्याच्या पूर्वेला कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरांबद्दल आहे. वाघेरी, सुर्ल्याचं पठार, चोर्ल्याचा माथा, सोसोगड. म्हादई आणि वाळवंटी या नद्यांना जाऊन मिळणारे असंख्य ओहळ याच पट्ट्यात सुरू होतात. पणजी, म्हापसा, फोंड्याला राहणाऱ्या, शनिवार-रविवारी मोकळ्या असलेल्या आणि डोंगराची सवय नसलेल्या माणसाने तिथे कसं जावं, ते क्रमाने सांगतो.

आधी थोडा भूगोल. तो माहीत नसेल तर वर जाऊन काय पाहायचं तेच कळत नाही. म्हादई निघते बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या देगाव परिसरात, भीमगडच्या रानातल्या झऱ्यांच्या समूहातून. साधारण ३५ किलोमीटर कर्नाटकात वाहून ती सत्तरीत उतरते आणि खाली मांडवी होऊन पणजीजवळ समुद्राला मिळते. तिचं पाणलोट क्षेत्र २०३२ चौरस किलोमीटरचं. त्यातलं १५८० गोव्यात. सबंध गोवा ३७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्याचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग या एका नदीच्या ओंजळीत येतो. पणजीच्या नळाला येणारं ओपाचं पाणी खांडेपार नदीचं, आणि खांडेपारही म्हादईचीच उपनदी. इथे एखाद्या कुंडाकडे बोट दाखवून ‘हा उगम’ म्हणता येत नाही. सगळा डोंगरच पाझरतो. सुर्ला नाला, कळसा, हळतरा हे सगळे वेगवेगळ्या घळींतून निघून शेवटी तिच्यातच येतात.

पहिली गोष्ट: डोंगर निवडा

पहिल्या खेपेला शिखराचा हट्ट धरू नका. सोसोगड हे गोव्यातलं सर्वांत उंच शिखर, हजार मीटरच्या वरचं. फोटोखाली ‘गोव्याच्या छपरावर’ लिहायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण ती वाट लांबची, गर्द जंगलातली आणि गव्यांच्या वावराची आहे. पहिल्यांदाच बूट घातलेल्या माणसाला तिथे चढाचा त्रास होतो आणि पाहण्यासारखं काही पाहायचं राहून जातं. (उंचीच्या आकड्यांवरून वाद घालत बसू नका. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या यादीत एक आकडा, आताच्या नकाशात दुसरा. पायांना दोन्ही सारखेच लागतात.)

माझ्या मते क्रम असा असावा. पहिल्यांदा सुर्ल्याचं पठार. इथे गाडी जवळजवळ आठशे मीटर उंचीपर्यंत जाते, त्यामुळे चढ दमवत नाही, चालणं मात्र भरपूर होतं. शिवाय पुढे कणकुंबीला जाऊन पाणी दोन दिशांना कसं फाकतं ते बघता येतं. दुसऱ्यांदा वाघेरी. हा डोंगर सातशे मीटरच्या वर आहे आणि पायथ्याचं केरी गाव समुद्रसपाटीपासून फारसं उंचावर नाही. म्हणजे जवळजवळ सगळी उंची स्वतःच्या पायांनी मिळवायची. सकाळी चढायला लागलात तर माथ्यावर जेवून ऊन कलायच्या आत खाली येता येतं. या दोन्हींची सवय झाली की मग सोसोगड.

महिना चुकला तर सगळं चुकलं

नवखी माणसं जुलैत जातात, कारण तेव्हा धबधबे फेसाळलेले असतात आणि सगळ्यांचे फोटो तेव्हाचेच असतात. मी जुलैच्या विरोधात आहे. वाळपई हा गोव्यातला सर्वाधिक पावसाचा भाग. इथे मोसमात चार हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, एखाद्या वर्षी त्याहून जास्त. त्या दिवसांत अख्खा डोंगर गळत असतो. प्रत्येक पायवाट ओहळ झालेली असते, त्यामुळे पावसाचं पाणी कोणतं आणि झऱ्याचं कोणतं हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. नद्यांचं मूळ पाहायला गेलेल्या माणसाच्या हाती फक्त चिखल लागतो.

धोका आहे तो वेगळाच. वर माथ्यावर ढग फुटला की खाली कोरड्या उन्हात उभ्या असलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही, आणि दहा-पंधरा मिनिटांत व्हाळ, म्हणजे ओढा, छातीपर्यंत चढतो. जुलै २०२४ मध्ये सत्तरीतल्या पालीच्या धबधब्यावर असंच झालं. पाणी चढलं आणि ८० च्या आसपास माणसं पलीकडे अडकली. त्यांना दोर लावून काढावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायलाच बंदी घातली.

उत्तम काळ म्हणजे दिवाळीनंतरचा नोव्हेंबर ते जानेवारीचा मध्य. पाऊस थांबून काही आठवडे झालेले असतात. तोवर जे ओहळ फक्त पावसावर जगत होते ते आटलेले असतात आणि जे वाहताना दिसतात ते खरे झरे. सुर्ल्यात सकाळी अंगात स्वेटर लागतो. गवत अजून पिवळं पडलेलं नसतं. धबधब्यांची धार बारीक झालेली असते खरी, पण त्यांच्यामागचा कातळ तेव्हाच नीट दिसतो.

फेब्रुवारीपासून मेपर्यंत गेलात तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे वणवा. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्याच्या अनेक भागांत आगी लागल्या आणि त्या विझवायला नौदल-हवाईदलाची हेलिकॉप्टरं पाणी घेऊन आणावी लागली. या महिन्यांत रानात काडी ओढायची नाही, विडी नाही, चुलीवरचा चहा नाही. दुसरी गोष्ट माकडतापाची. हा ताप गोचिडीतून होतो. २०१५ मध्ये पालीत गोव्यातले पहिले रुग्ण सापडले, पुढे सत्तरीतल्या इतर गावांतही. बहुतेक काजूच्या बागेत कामाला गेलेले. कडक ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं ही लक्षणं. जंगलातून आल्यावर आठवड्याभरात असा ताप आला तर डॉक्टरांना ‘मी सत्तरीच्या रानात गेलो होतो’ हे आपणहून सांगा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

परवानगी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. म्हादई वन्यजीव अभयारण्य १९९९ मध्ये जाहीर झालं. ते सुमारे २०८ चौरस किलोमीटरचं आहे आणि सुर्ला त्याच्याच कुशीत येतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात पायी शिरायला परवानगी लागते. गावात जाणाऱ्या डांबरी रस्त्याने गेलात तर कोणी अडवत नाही. रस्ता सोडून रानवाट धरली की नियम लागू. वाळपईला अभयारण्याचं परिक्षेत्र वनाधिकारी कार्यालय आहे. तिथे आठवडाभर आधी अर्ज द्या. कोण कोण जाणार, कुठल्या वाटेने, कुठल्या तारखेला, सोबत गावचं कोण. अर्जाला ओळखपत्रांच्या प्रती जोडा. आदल्या दिवशी फोनवर ‘साहेब, उद्या जातो’ म्हणून सुटका होत नाही, आणि होऊही नये.

मागच्या वर्षी मिळालेली परवानगी यंदा मिळेलच असं धरून चालू नका. २०२० च्या जानेवारीत गोळावलीच्या रानात चार वाघ विषबाधेने मेलेले सापडले तेव्हापासून या भागावर सगळ्यांची नजर आहे. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादईला व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला आणि ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. आगीचा मोसम, पाऊस, वाघाचा वावर, कशाहीमुळे एखादी वाट बंद होते. प्रत्येक वेळी नव्याने विचारा.

वाघेरीची गोष्ट जरा निराळी. तिथल्या उतारांवर काजूच्या बागा आहेत, आणि सत्तरीत आल्वारा, मोकासो असे जमिनीचे जुने गुंते आहेत, ते बाहेरच्या माणसाला आयुष्यभर उलगडत नाहीत. आपण फक्त इतकंच करायचं: ज्याच्या बागेतून वाट जाते त्याला विचारायचं. ‘बाबा, वर डोंगरार वचूंक जाय, हांगच्यान वाट आसा मरे?’ एवढं कोकणीत विचारलंत की बहुतेक वेळा वाट तर मिळतेच, शिवाय कुठल्या कुंपणाच्या तारेत वीज आहे तेही कळतं.

कर्नाटकाच्या बाजूला भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेलं. तिथली परवानगी वेगळी, तिथलं खातं वेगळं. गोव्याचा कागद दाखवून हद्द ओलांडता येत नाही. जंगलात हद्दीचा दगड गवतात लपलेला असतो, म्हणून सोबतच्या माणसाला आधीच सांगून ठेवा की हद्द आली की थांबायचं.

सोबतीला गावचा माणूस

फोनमधला नकाशा इथे कामाचा नाही असं नाही, पण तो गुरांच्या वाटेला माणसांची वाट समजतो. काजूच्या मोसमात तयार झालेल्या वाटा पुढच्या पावसात मिटतात. सुर्ला, केरी, सत्रे, देरोडे या गावांतून रानात रोज जाणारी माणसं आहेत. त्यांना कुठल्या घळीत गवे दुपारी बसतात, कुठल्या झऱ्याला मार्चमध्येही पाणी असतं ते पाठ असतं.

असा माणूस कसा मिळवायचा? वनकार्यालयातच विचारा, किंवा आदल्या रविवारी एकदा नुसतं गावात जाऊन या. देवळापाशी किंवा चहाच्या दुकानात बसून विचारलं की नाव निघतंच. पैसे आधी ठरवा, मोकळेपणाने ठरवा आणि संध्याकाळी ठरलेल्यापेक्षा थोडे जास्त द्या. त्याचा दिवसाचा रोज बुडालेला असतो. त्याच्यासाठी जेवणही तुम्हीच न्या. एक मात्र पाळा: तो ‘परत फिरू या’ म्हणाला तर कारण विचारायचं नाही, फिरायचं. कारण तो खाली आल्यावर सांगेलच.

या डोंगरांत देवराया आहेत, राखणदाराच्या जागा आहेत, वाघ्रो (वाघदेव) म्हणून पुजलेली पाषाणं आहेत. तिथे चप्पल-बूट काढायचे की नाही, बायकांनी जायचं की नाही, नारळ ठेवायचा की नुसता नमस्कार, हे त्या माणसाला विचारूनच करा. देवराईतलं सुकलेलं लाकूडसुद्धा उचलायचं नसतं. सत्तरीतली बांबरची निरंकाराची राय पाहिलीत तर याचा फायदा दिसतो. पाण्यात उभी राहणारी रानटी जायफळाची झाडं तिथे टिकली, ती देवाच्या धाकामुळेच.

पाठीवर काय, अंगावर काय

अंगावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि लांब पँट. रंग फिकट असावा, म्हणजे गोचीड लगेच दिसते. अर्धी चड्डी घालून आलेला माणूस संध्याकाळी पाय खाजवत असतो. मोजे पँटच्या वर ओढायचे, ते दिसायला कितीही वाईट दिसो. बुटांचा तळ खोल खाचांचा हवा; जांभ्यावर वाळलेलं शेवाळ कोरडं वाटतं आणि पाय ठेवताच साबणासारखं घसरतं.

जळवांबद्दल नवख्यांना फार भीती असते. नोव्हेंबरात त्या कमी असतात, पण ओल्या घळीत असतातच. जळू चढते ती बुटाच्या लेसच्या भोकांतून. आधी काडीसारखी बारीक, उभी राहून हवेत डोलणारी, आणि तासाभराने मोज्याच्या आत करवंदाएवढी टम्म. तिला ओढून काढू नका. नख कातडीला लावून तिचं तोंड कडेने सरकवलं की सुटते. मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावलं तरी सुटते, पण ते दुखऱ्या जागी झोंबतं. रक्त थोडा वेळ वाहत राहतं. घाबरू नका, जागा धुऊन पट्टी बांधा.

पाणी माणशी तीन लिटर. वर एवढे झरे असताना पाणी का न्यायचं, असं सगळेच विचारतात. गुरं, गवे, माकडं तेच पाणी पितात. गावची माणसं ज्या झऱ्याचं पितात त्याचं प्या, बाकी आपलं आपलं. खायला साखळीच्या बाजारातून सकाळी उंडे (गोव्यातले गोल पाव) घ्या. गरम पातळभाजी तिथेच खाऊन घ्या आणि वाटेसाठी सुकी भाजी बांधून न्या. सोबत केळी, गूळ-शेंगदाणे. दुपारी ऊन लागलं की कोकमाचं सार किंवा सरबत जितकं कामाला येतं तितकं कुठलंही बाटलीबंद पेय येत नाही.

याखेरीज बॅटरी, शिट्टी, एक हलका दोर, कापडी पट्ट्या, नेहमीची औषधं, आणि कचरा परत आणायला एक पिशवी. सापाच्या भीतीने काठी घेऊन झुडपं बडवत चालू नका. इथे चापडा आहे, फुरसं आहे, मण्यार आहे, नागराजही आहे. पण ते बहुतेक वेळा तुमच्या पावलांचा हादरा लागून आधीच बाजूला होतात. हात कुठे टेकतोय ते पाहा, हे जास्त महत्त्वाचं, कारण हिरवा चापडा झुडपाच्या फांदीवर हाताच्या उंचीला बसतो. दंश झालाच तर चिरा देऊ नका, घट्ट आवळू नका, तो अवयव हलू न देता माणसाला खाली आणा. १०८ ला फोन लावा. साखळी आणि वाळपईला सरकारी आरोग्य केंद्रं आहेत, बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ.

फोनचं म्हणाल तर नकाशा घरीच उतरवून घ्या. घाटात कधी गोव्याचा टॉवर पकडतो, कधी शेजारच्या राज्याचा, आणि घळीत उतरलात की कुठलाच नाही. परत किती वाजता येणार ते घरी एकाला सांगून निघा.

सुर्ल्याचा दिवस: सकाळपासून

पणजीहून दिचोली, साखळी, केरी आणि मग चोर्ला घाट. स्वतःची गाडी असेल तर दोन तास धरा. पेट्रोल साखळीलाच भरून घ्या. बसने जायचं तर बेळगावच्या गाड्या याच घाटाने जातात, पण त्या फाट्यावर सोडतात. तिथून सुर्ला गावापर्यंत पायपीट किंवा कोणाची तरी गाडी. थेट सुर्ल्याला जाणाऱ्या गाड्या मोजक्याच.

पहाटे निघा. अंधार असताना साखळी ओलांडलीत तर केरीजवळ उजाडेल, आणि अंजुणे धरणाच्या पाण्यावर धुकं तरंगताना दिसेल. घाटातली वळणं अवघड आहेत. मालवाहू गाड्या वळणावर पूर्ण रस्ता घेतात. हॉर्न द्या, घाई करू नका, धुकं असेल तर खालचे दिवे लावा. मधे थांबून दरीचा फोटो काढायचा असेल तर रस्ता रुंद असेल तिथेच थांबा. दर पावसाळ्यात इथे दरडी येतात, पण रस्त्याच्या मधोमध उभं राहून सेल्फी काढणं आणि मागून येणारी गाडी यांचाही धोका आहेच.

सुर्ल्यात पोहोचलात की गाडी घरांपासून लांब लावा. मग चालायला सुरुवात. पठारावर आधी उघडा जांभा लागतो, काळपट-तांबडा, भोकाभोकांचा. पावसाळा संपता संपता यावर इवल्या फुलांचा गालिचा असतो; नोव्हेंबरात त्याची वाळलेली देठं पायाखाली कुरकुरतात. मधूनच एखादा खळगा पाण्याने भरलेला. त्यात वाकून पाहा: तळाशी बेडकांची पिल्लं, आणि काठावर कीटक खाणारी दवबिंदू वनस्पती, लाल केसांच्या टोकांवर चिकट थेंब घेऊन. ती नखाएवढी असते, म्हणून चालताना पायाखाली जाते. खडपावर पाऊल कुठे टाकताय ते बघत चला.

हा जांभा समजून घेतलात तर नद्या का सुरू होतात ते समजतं. जांभा सच्छिद्र. चार महिने पडणारा पाऊस तो आत ओढतो. खाली कुठेतरी चिकणमातीचा किंवा टणक खडकाचा थर लागला की पाणी आणखी खाली जाऊ शकत नाही, मग ते आडवं सरकतं आणि पठाराच्या कडेला, जिथे उतार सुरू होतो आणि जंगल दाट होतं, तिथे बाहेर पडतं. झरे पठाराच्या मधोमध शोधू नका, काठाने चला. आणि वरचं गवत-झाडी जिथे शाबूत आहे तिथेच पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकतं, कारण तिथे पाऊस धावत न जाता मुरतो. नांगरलेल्या किंवा जाळलेल्या उताराखालचा झरा डिसेंबरातच सुकतो. स्वतःच्या डोळ्यांनी दोन्ही पाहा. तुमचा वाटाड्या दाखवेल.

झऱ्यापाशी गेलात की आधी थोडं लांब थांबा. कपारीतून बोटभर धार येत असते. तिच्याखाली पाचोळ्याचा काळा, मऊ थर, त्यावर शेवाळ, शेवाळावर पाण्याच्या थेंबाएवढा बेडूक, जो तुम्ही हलेपर्यंत दिसणार नाही. तिथे हातपाय धुवायचे नाहीत. साबण तर नाहीच. धार जिथे ओहळ होऊन पन्नासएक पावलं पुढे जाते तिथे धुवा. झऱ्याच्या तोंडाशी दगड रचून ‘कुंड’ करायची हौस काहींना असते. त्याने पाणी बाजूने फुटतं आणि खालच्या कुळागराला (पोफळीच्या बागेला) जाणारा पाट कोरडा पडतो. अर्धा चिरलेला बांबू लावून कोणी पाणी नेलेलं दिसलं तर तो तसाच ठेवा.

गावाजवळून दरीच्या पलीकडे लाडकेचा वझर (धबधबा) दिसतो; सुर्ल्याच्या माथ्यावरचं पाणी इथून कड्यावरून खाली झेप घेतं आणि पुढे म्हादईला जातं. लांबून पाहा. कड्याच्या टोकावर गवत पाणावलेलं असतं आणि त्याखाली माती नसते, हवा असते.

दुपारी दोनच्या पुढे वर थांबू नका. डोंगराच्या पश्चिमेला ऊन उशिरापर्यंत असलं तरी घळींत चारलाच काळोख उतरतो. गवा दिसला तर फोटोसाठी पुढे जाऊ नका. गोव्याचा राज्यप्राणी असला तरी त्याला आपल्या प्रसिद्धीची हौस नाही. त्याला वाट द्या, वाऱ्याच्या दिशेने बाजूला व्हा, धावू नका.

कणकुंबीचा फेरफटका

दिवस हाताशी असेल तर परत फिरण्याआधी कणकुंबीला जा. चोर्ल्याहून बेळगावच्या रस्त्याने पुढे गेलं की हे गाव येतं. माउलीच्या देवळाच्या परिसरात मलप्रभेचा उगम मानतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर. ही नदी पूर्वेला जाते, ३०४ किलोमीटर वाहून कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिथून पाणी बंगालच्या उपसागराला. त्याच कणकुंबीच्या आसपास कळसा नाला सुरू होतो आणि तो पश्चिमेला उतरून म्हादईत, म्हणजे अरबी समुद्रात. दोन थेंब एकाच गावात पडतात. एक पणजीच्या बंदरावरून जातो, दुसरा अख्खं द्वीपकल्प ओलांडतो. घाटमाथा म्हणजे काय हे पुस्तकात वाचून कळत नाही ते इथे उभं राहून दोन्ही बाजूंना मान फिरवली की कळतं.

हे पाणी वादाचं आहे, हे गोव्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. म्हादई लवादाची स्थापना २०१० मध्ये झाली. त्याने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. निवाडा २०२० च्या फेब्रुवारीत राजपत्रात आला आणि भांडण सर्वोच्च न्यायालयात सुरूच आहे. कळशाचं पाणी मलप्रभेत वळवण्यासाठीच्या कालव्याचं खोदकाम कणकुंबीत दिसतं. ते पाहायचं तर रस्त्यावरून पाहा. कामाच्या जागेत शिरून व्हिडिओ काढू नका, गावकऱ्यांशी नदी कोणाची यावर हुज्जत घालू नका. तिथली माणसं मराठी बोलतात, चहा प्यायला बोलावतात, आणि त्यांना या विषयाचा आपल्यापेक्षा जास्त वीट आलेला आहे. देवळात शांतपणे बसा, कुंडात पाय घालू नका.

उतरताना

घाट दिवसाउजेडी उतरा. डिसेंबरात साडेपाचनंतर धुकं वर सरकतं आणि वळणं दिसेनाशी होतात. निघण्यापूर्वी गाडीशेजारी उभं राहून बूट काढा, मोजे उलटे करा, गुडघ्याच्या मागे, काखेत, कमरेला गोचीड आहे का ते एकमेकांना पाहायला सांगा. लहान मुलं असतील तर केसांतही. घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, अंगही गरम पाण्याने धुवा.

वाटाड्याला त्याच्या दारापर्यंत सोडा. केरीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. कर्नाटकातून येताय म्हणून थांबवतील, तेव्हा परवानगीचा कागद आणि ओळखपत्रं वरच्या कप्प्यात असू द्या, डिकीत खोल नकोत. आणि नाका ओलांडून फोनला रेंज आली की पहिला फोन वनकार्यालयाला करा आणि सगळे खाली उतरल्याचं सांगा. संध्याकाळी तुमची नावं त्यांच्या वहीत उघडी राहिली तर रात्री कोणाला तरी बॅटरी घेऊन वर जावं लागतं.